ब्रह्मचारी अंडी आणि समाधानाची सुई

अंकाच्या संपादकांचा फोन आला. "डॉक्टर, पक्ष्यांच्या गमतीजमती लिहा. लोकांना ठाऊक नसलेलं, चकित करणारं काहीतरी. फार गंभीर नको, दिवाळी आहे." मी हो म्हणालो. कुणालाही नाही म्हणता न येणं हा माझा जुना आजार आहे, आणि या लेखात पक्ष्यांच्या बरोबरीने त्या आजाराचाही वृत्तांत आहे.

लेखाचं मी माझा मित्र उत्तम याच्या कानावर घातलं. उत्तमचं गावात पाण्याच्या मोटारी रिवाइंड करायचं दुकान आहे. तांब्याच्या तारेचे वेढे मोजता मोजताच तो म्हणाला, "लिव्हा की. पर गिधाडांचं पयल्या वळीत लिव्हा. न्हाईतर तुमी कोंबड्यांमागं लपून बसाल." म्हणून आधीच सांगून टाकतो. गावची गिधाडं संपली त्यात माझा हात होता. आणि ज्या दिवशी ते भर सभेत सांगायला हवं होतं, त्या दिवशी मी गप्प बसलो. त्याची झळ उत्तमला लागली. ही काही पहिली ओळ झाली नाही, पण माझ्या मानाने लवकरच झालं. आता कोंबड्यांकडे वळतो.

पहिली गोष्ट, मी डॉक्टर नव्हतो. माझ्या हुद्द्याचं नाव पशुधन पर्यवेक्षक. डिंभ्याच्या अलीकडच्या एका गावात आमचा दोन खोल्यांचा सरकारी दवाखाना होता. गावाचं नाव लिहीत नाही, कारण माझे साडू त्याच गावचे आहेत आणि दिवाळीला त्यांच्याकडेच जायचं आहे. गाईम्हशींना लस टोचायची, कृत्रिम रेतन करायचं, अडलेली गाय सोडवायची आणि महिनाअखेरीला हे सगळं तक्त्यात भरायचं, हे माझं काम. खरे डॉक्टर तालुक्याला बसत. लोक मात्र मलाच डॉक्टर म्हणत आणि मी कधी दुरुस्ती केली नाही.

तक्त्यात पक्ष्यांसाठी एकच रकाना होता, 'कुक्कुट'. पुढे नव्वदीच्या सुरुवातीला राजुरीकडे, महाळुंगे पडवळकडे, जिकडेतिकडे पोल्ट्रीची शेडं उभी राहायला लागली आणि तो रकाना माझ्या अंगावर आला. चार पायांवर शिकलेला माणूस मी, आता दोन पायांचं विचारायला लोक येऊ लागले. मग तालुक्याच्या साहेबांकडून पुस्तकं आणली आणि वाचत सुटलो. वाचलेलं पचवण्यापेक्षा सांगण्याची मला हौस. कोंबडीच्या कानाची पाळी पांढरी असेल तर बहुतेक अंडं पांढरं आणि पाळी लाल असेल तर बहुधा तपकिरी, हे पारावर सांगितलं तर दुसऱ्या दिवशी अर्धं गाव कोंबड्यांचे कान बघत फिरत होतं. कोंबडीला कान असतो हेच मुळात कुणाला ठाऊक नव्हतं.

या पुस्तकी विद्येचं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे आण्णा. आण्णा गावातले मोठे बागायतदार. गळ्यात तुळशीची माळ, एकादशीला घरात चहासुद्धा जपून. शेजारच्या गावांतली शेडं बघून त्यांचं मन चळलं होतं. पण शेड बांधायची म्हणजे अंडी विकायची, आणि अंडी विकायची म्हणजे माळेचं काय करायचं? एके दिवशी दवाखान्यात येऊन त्यांनी दार लोटून घेतलं.

"डॉक्टर, जरा धर्माचा प्रश्न हाय. अंड्यात जीव आसतो का नसतो?"

मी म्हणालो, "आण्णा, अंडं घालायला कोंबडीला कोंबडा लागतच नाही."

आण्णा माझ्याकडे बघतच राहिले. घरात आयुष्यभर कोंबड्या पाळलेल्या माणसांतही हे फार थोड्यांना माहीत असतं. मी खुलासा केला. पोटभर खाणं आणि पुरेसा उजेड मिळाला की कोंबडी आपली आपण अंडी देत राहते. कोंबडा असला तर त्यातून पिल्लू होऊ शकतं. नसला तर ते अंडं जन्मात उबणार नाही. एक अंडं तयार व्हायला दिवसाहून थोडा जास्त वेळ लागतो. म्हणून आज सकाळी आठला घातलं तर उद्या नऊला, परवा दहाला, असं सरकत सरकत दुपारपर्यंत गेलं की एक दिवस खाडा. डिंभ्याची एसटी त्या काळात याच तत्त्वावर चालायची, त्यामुळे आण्णांना ते चटकन कळलं.

"म्हंजे कोंबडा न्हाई तर जीव न्हाई?"

"नाही."

"मंग ते फळच झालं म्हना की!"

फळ हा शब्द माझा नाही, पण मी मान डोलावली. महिनाभरात शेडचा पाया पडला. शेड पुरी झाल्यावर दारावर रंगवलेली पाटी लागली, 'शुद्ध ब्रह्मचारी अंडी मिळतील'. खाली बारीक अक्षरांत 'डॉक्टरांनी खात्री दिलेली'. ही खात्री मी कधी दिली हे मला आठवत नव्हतं, पण पाटी रस्त्यावर होती आणि आपलं नाव मोठं होत असताना कोण हरकत घेतो?

चार महिन्यांनी आण्णा पुन्हा आले, या वेळी तक्रार घेऊन. त्यांच्या शेडला लागूनच उत्तमचं घर. उत्तमच्या आईने, सोनाबाईंनी, दहाबारा गावठी कोंबड्या आणि एक तांबडा कोंबडा पाळलेला. तो कोंबडा पहाटे आण्णांच्या शेडच्या जाळीपाशी येऊन आरवायचा.

"त्याने काय होतं?" मी विचारलं.

"तुमीच सांगा. जाळीतनं आवाज आत जातो. आवाजानं अंड्याला काय होत न्हाई ना?"

मला हसू आवरेना. आण्णा मात्र गंभीर होते. "हसू नका, राव. मोराच्या डोळ्यातलं पानी पिऊन लांडोर गाभण ऱ्हाती, ह्ये तर समद्यांस्नी ठाव हाय. पान्यानं होतं तर आवाजानं का व्हनार न्हाई?"

आता मोराचं ते खोटं आहे हे समजावण्यात माझी सकाळ गेली. मोर आणि लांडोर यांचं सगळं रीतसर, चारचौघांसारखंच होतं, फक्त चारचौघांसमोर होत नाही. पण आण्णांना एक खरं पटवायचं तर दुसरं चकित करणारं खरं द्यावं लागे. म्हणून मी सांगितलं की कबुतराचा नर पिल्लांना दूध पाजतो. म्हणजे त्याच्या गळ्यातल्या पिशवीत दह्यासारखं काहीतरी तयार होतं आणि ते तो पिल्लाच्या चोचीत ओततो. मादीही पाजते, नरही पाजतो. आण्णांनी गळ्यातली माळ चाचपली. मग म्हणाले, "बापयाला दूध येतं म्हंजे कलियुगच." आणि कोंबड्याची तक्रार तिथेच राहिली.

या आण्णांचा आणि सोनाबाईंचा दुसरा सामना झाला तो कोंबडी आरवली तेव्हा.

सोनाबाईंची एक म्हातारी कोंबडी अंडी द्यायची थांबली आणि काही दिवसांनी तिचा तुरा वाढायला लागला. मग एका सकाळी कुंपणावर चढून ती चक्क आरवली. कोंबडीने आरवणं म्हणजे अपशकून. आण्णांनी निरोप धाडला, कोंबडी मारून टाका, नाहीतर गावावर काहीतरी येईल. सोनाबाईंनी निरोप्याला दारातच सांगितलं, "इतकी वरसं अंडी दिली तवा कुनी इचारलं न्हाई. आता म्हातारपनी दोन शबूद बोल्ली तर गाव बुडतंय व्हय?"

प्रकरण माझ्याकडे आलं. मी पारावर उभं राहून सगळ्यांना समजावलं. बहुतेक पक्ष्यांच्या मादीत अंडाशय डावीकडचं एकच कामाचं असतं, उजवीकडचं वाढतच नाही. ते एकुलतं एक म्हातारपणाने किंवा रोगाने बिघडलं की अंगातला रस बदलतो, तुरा येतो, आणि कधीकधी कोंबडी आरवते. त्यात देवाचा, भुताचा, गावाचा काही संबंध नाही. पोरं ओरडली, बाया हसल्या, आण्णांनाही मान डोलवावी लागली. कोंबडी वाचली आणि पुढे दोन वर्षं रोज आरवून मेली. सोनाबाईंनी मला घरी बोलावून मेथीची भाजी-भाकरी खाऊ घातली. मला फार धन्य वाटलं. मी गरिबाच्या बाजूने उभा राहिलो होतो, आणि त्यात माझं काडीइतकंही नुकसान नव्हतं. हे दुसरं वाक्य त्या वेळी सुचलं नाही.

आता सुईकडे येतो. उत्तम वाचत असेल.

त्याच सुमारास आमच्याकडे डायक्लोफेनॅक नावाचं इंजेक्शन आलं. दुखणं आणि सूज उतरवणारं औषध. त्याआधी आमच्याकडे अंगात ताप असलेल्या जनावराला द्यायला जे होतं त्याचा गुण यायला वेळ लागे, तोवर मालकाचा धीर सुटे. हे दिलं की घटकाभरात बसलेली गाय उठायची, लंगडणारा बैल चालायचा. रोग आतून तसाच असायचा, पण दुखणं थांबल्यामुळे जनावर वैरण ओढायचं. लोक तिला 'उठवनी सुई' म्हणायला लागले. आडवाटेच्या वाड्यांवरून माणसं यायची, "डॉक्टर, ती सुई द्या." मी द्यायचो. मला पाहून कुत्रीसुद्धा भुंकायची थांबली, इतका माझा दबदबा.

पण मुख्य चूक पुढे आहे. जे जनावर वाचणारच नाही, म्हातारं झालंय, विषबाधा झालीय, पोट फुगून टम्म आहे, त्याच्याही मालकाला हात हलवत कसं पाठवायचं? घरात बायका डोळ्याला पदर लावून उभ्या असतात. म्हणून मी त्यालाही तीच सुई द्यायचो. जनावराचा शेवट जरा बिनदुखता व्हावा आणि घरच्यांना 'डॉक्टरांनी सुई दिली होती' एवढं म्हणता यावं. या सुईला मी मनातल्या मनात 'समाधानाची सुई' म्हणायचो. संध्याकाळी जनावर मरायचं. सकाळी घरचे ते बैलगाडीत किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून ओढ्यापलीकडच्या माळावर टाकून यायचे. त्या माळाला सगळे गिधाडमाळ म्हणत.

गिधाडमाळाचा थोडा इतिहास सांगायला हवा, नाहीतर पुढचं कळणार नाही. पूर्वी मेलेलं जनावर ओढून न्यायचं काम गावाने उत्तमच्या वाडवडलांवर लादलेलं होतं. छप्पन सालानंतर त्या घरांनी बौद्ध धम्म स्वीकारला आणि ते काम सोडलं. गावाने चार दिवस कुरकुर केली. मग लोक जनावर माळावर टाकून यायला लागले, कारण पुढचं सगळं गिधाडं करत. नाणेघाटाकडच्या कड्यांवरून ती यायची. गिधाडाला वास फारसा लागत नाही, ते नजरेवर चालतं. एक उतरताना दिसलं की दुसरं त्याला बघून वळतं, त्याला बघून तिसरं, आणि बघता बघता आभाळातून रांग लागते. एवढा बैल अर्ध्या दिवसात हाडांवर यायचा. त्यामुळे एका माणसाने काम सोडलं तर आपलं किती अडतं, हे गावाला चाळीस वर्षं कळलंच नाही.

नव्वदीच्या शेवटी गिधाडं कमी दिसायला लागली. जी दिसत ती बाभळीवर मान खाली घालून बसलेली असत, दिवसेंदिवस. एके दुपारी उत्तम सायकलच्या कॅरियरला पोतं बांधून दवाखान्यात आला. पोत्यात जिवंत गिधाड. माळाजवळच्या बांधावर पडलेलं त्याला सापडलं होतं. मान लोंबत होती, डोळे अर्धवट मिटलेले.

"एवढा मोठा पक्षी, हातानं धरला तरी हालला न्हाई," तो म्हणाला. "बघा ना कायतरी."

मी गिधाड कधी तपासलं नव्हतं. पण समोर आलेल्याला नाही कसं म्हणायचं? मी मान चाचपली, डोळ्याची पापणी उघडून पाहिली आणि म्हणालो, "मान दुखतेय, सूज असणार." मग वजनाचा अंदाज बांधून मी त्याला सुई दिली. तीच सुई. उत्तमने त्याला दोन्ही हातांनी अलगद धरलं होतं, लहान मुलाला लस देताना बाप धरतो तसं.

दुसऱ्या दिवशी गिधाड मेलं. मला चैन पडेना म्हणून मी ते फाडून पाहिलं. काळजावर, यकृतावर पांढरी भुकटी पसरलेली, चुन्याचं बोट फिरवावं तशी. अशी भुकटी मी कोंबड्यांत पाहिली होती. मूत्रपिंड निकामी झालं की पक्ष्यांत असं होतं हे मला पाठ होतं, पारावर सांगितलंही असतं. पण मूत्रपिंड का निकामी झालं, हा प्रश्न मी स्वतःला विचारला नाही. उत्तमला म्हणालो, "म्हातारं होतं." त्याने ते शेताच्या कडेला पुरलं.

दोन हजार साल उलटून काही वर्षं गेली तोवर माळावर एकही गिधाड उतरेना. मेलेली जनावरं कुजत पडू लागली. कुत्र्यांचा कळप वाढला आणि शाळेच्या रस्त्यावर पोरांच्या मागे लागायला लागला. वाऱ्याची दिशा बदलली की जेवण तोंडात जाईना. आण्णांचा बैल मेला तेव्हा तो बारा दिवस तसाच पडून होता. लोकांची डोकी तडकली आणि ग्रामसभा बोलावली गेली.

सभेच्या आधी अकरा दिवस मी तालुक्याला प्रशिक्षणाला गेलो होतो. तिथे साहेबांनी सांगितलं की डायक्लोफेनॅक दिलेलं जनावर मेलं आणि ते गिधाडांनी खाल्लं की गिधाडांची मूत्रपिंडं बंद पडतात. दिवस-दोन दिवसांत पक्षी मरतो. आतून पांढरी भुकटी निघते. मी वहीत उतरवून घेतलं. कुजलेलं मांस पचवणारा, फाशीच्या, म्हणजे अँथ्रॅक्सच्या, रोगाने मेलेलं ढोरही खाऊन जिरवणारा पक्षी, आणि मी समाधानासाठी टोचलेलं औषध त्याला पचलं नाही. ते वहीचं पान फाडून, घडी घालून मी शर्टाच्या खिशात ठेवलं होतं. सभेत ते खिशातच होतं.

सभा देवळासमोर भरली. मला आण्णांशेजारी खुर्ची. उत्तम आणि त्याच्या आळीतली माणसं समोर सतरंजीवर डाव्या कोपऱ्यात. पहिली चर्चा गिधाडं गेली कुठे यावर झाली. कुणी म्हणालं मोबाइलच्या टॉवरमुळे. कुणी म्हणालं परदेशी लोकांनी पिंजऱ्यात घालून विमानाने नेली. एकाने डिंभ्याच्या धरणावर खापर फोडलं, धरण झाल्यापासून गावात काय धड राहिलंय, म्हणून. मग आण्णा माझ्याकडे वळले. "आपले डॉक्टर पक्ष्यांतले जानकार. डॉक्टर, तुमीच सांगा, गिधाडांचं काय झालं?"

मी उठलो. खिशातला कागद छातीला लागत होता. समोर सगळं गाव बसलं होतं, आणि त्या गावात असं एकही घर नव्हतं जिथे मी ती सुई दिली नव्हती. आता सांगितलं तर उद्यापासून मी कोण?

मी म्हणालो, "मंडळी, गिधाड हा मोठा विलक्षण पक्षी. त्याला टक्कल का असतं ठाऊक आहे?" आणि सुरू झालो. मढ्यात मान घालायची तर पिसं घाण होतात, म्हणून टक्कल. लोक हसले, दोघातिघांनी आण्णांच्या डोक्याकडे पाहिलं. मग सांगितलं की उन्हाळ्यात काही जातींची गिधाडं स्वतःच्याच पायांवर मुततात, त्याने पाय थंड राहतात आणि किडेजंतूही मरतात म्हणे. मोठा हशा झाला. वर्षाला एकच अंडं घालतं, जोडीने राखतं, हेही सांगितलं. लोक टाळ्या वाजवत होते. गिधाडांबद्दल मला जेवढं ठाऊक होतं तेवढं सगळं मी त्या दिवशी सांगितलं, एक सोडून. मग मी खाली बसलो.

आण्णांनी हसून डोळे पुसले आणि म्हणाले, "तर मंडळी, गिधाडं काय आता येत न्हाईत. मंग पयली कशी येवस्था व्हती, तशी लावाया पायजे. ज्याचं त्याचं काम ज्यानं त्यानं केलं तर गाव सुखी." हे बोलताना ते डाव्या कोपऱ्याकडे बघत होते. "काय, उत्तमराव?"

उत्तम उठला. त्याचे हात मोटारींच्या ग्रीसने काळे होते, दुकानातून तसाच आला होता. आवाज चढवला नाही.

"आण्णा, आमच्या आज्यानं ते काम छप्पन साली सोडलं. गिधाडांनी आत्ता सोडलं. तुमाला कुनाला तरी परत बोलवायचंच आसंल तर गिधाडांस्नी बोलवा. आमी येनार न्हाई."

मग मागून एक शाळामास्तर म्हणाले, ज्याचं जनावर त्याने आपल्या रानात खड्डा करून पुरावं. ठराव तोच झाला. आण्णांना स्वतः माणसं लावून खड्डा खणावा लागला. पण त्या दिवसापासून मोठ्या घरांच्या मोटारी उत्तमच्या दुकानात यायच्या बंद झाल्या, त्या नारायणगावला जायला लागल्या. सोनाबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत, हे मला नंतर कळलं. सगळ्या गावासमोर पोराला ते पुन्हा ऐकावं लागलं म्हणून. मी एक वाक्य बोललो असतो तर सगळ्यांचे डोळे डाव्या कोपऱ्याऐवजी माझ्या खुर्चीकडे वळले असते.

चार महिन्यांनी सोनाबाईंची गाय पडली. म्हातारी गाय, वाचणार नव्हती. सोनाबाई तिच्या कपाळावरून हात फिरवत म्हणाल्या, "डॉक्टर, ती सुई द्या. सुखानं जाऊ द्या तिला."

मी पेटी उघडली आणि बंद केली. म्हणालो, "नाही, मावशी." आयुष्यातला तो माझा पहिला नकार. गायीला दुसरं, निरुपद्रवी औषध दिलं आणि उत्तमला गोठ्याबाहेर नेऊन सगळं सांगितलं. सुईचं, माळाचं, पोत्यातल्या गिधाडाचं.

त्याने आपल्या दोन्ही हातांकडे पाहिलं. याच हातांनी त्याने ते गिधाड धरलं होतं. मग एवढंच विचारलं, "सभेच्या आधी ठाव व्हतं का तुमाला?"

"अकरा दिवस आधी."

त्यानंतर जवळजवळ वर्षभर तो माझ्याशी बोलला नाही. पुढे सरकारने ते औषध जनावरांसाठी बंद केलं. माझ्याकडची शिल्लक मी तालुक्याला जमा केली. तक्त्यात त्यासाठी रकाना होता. गिधाडांसाठी नव्हता.

निवृत्तीच्या वेळी गावाने त्याच देवळासमोर माझा सत्कार ठेवला. शाल, श्रीफळ, आणि आण्णांचं भाषण. आण्णा म्हणाले, "आमच्या डॉक्टरांनी सुई मागितली आन् दिली न्हाई, असं कदी झालं न्हाई." टाळ्या झाल्या. उत्तम मागे उभा होता. एव्हाना आमचं बोलणं पुन्हा सुरू झालं होतं, कामापुरतं.

मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी माइक धरला आणि सांगून टाकलं. गावची गिधाडं माझ्या सुईने मेली, मला सभेच्या आधी माहीत होतं, आणि मी टकलाचे विनोद सांगून खाली बसलो. मग आण्णा उठले आणि गहिवरून म्हणाले, "बघा मंडळी, केवढा ह्यो मोठेपना! दुसऱ्याचं पापबी सोतावर घेतात!" आणि असा टाळ्यांचा कडकडाट झाला की मागचे चिमण्या-कावळे उडाले. मी 'नाही, नाही' म्हणत होतो, तो त्यांना विनय वाटला.

कार्यक्रम संपल्यावर उत्तम पुढे आला. त्याने टाळी वाजवली नव्हती. माझ्या हातातला नारळ घेऊन त्याने पिशवीत टाकला.

"तवा बोल्ला असता तर टाळ्या वाजल्या नसत्या," तो म्हणाला. "म्हनून तर तवा बोलायचं व्हतं."

त्याने मोटारसायकल काढली आणि मला स्टँडवर सोडायला निघाला. वाटेत गिधाडमाळ लागतो. तिथून जाताना आम्ही दोघांनीही वर पाहिलं नाही.